दुरुस्ती की निरोप? अपघातानंतर गाडीचा हिशेब मांडताना

अपघातग्रस्त गाडी एकदा वर्कशॉपमध्ये पोहोचली की पुढचे सारे आपोआप ठरते, अशी बहुतेकांची समजूत असते. वर्कशॉप एस्टिमेट देते, विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा तपासनीस, येऊन जातो, काही आठवड्यांनी गाडी रंगवून तयार होते आणि आपल्या वाट्याची रक्कम भरून आपण ती घरी आणतो. आमच्या घरीही सर्वांनी हेच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाडी उघडल्यावर लक्षात आले की आमच्यासमोर एकाहून अधिक मार्ग आहेत, प्रत्येक मार्गाचा हिशेब वेगळा आहे आणि त्यांतील कोणता घ्यायचा यावर मालक म्हणून आपल्याला बोलता येते. हा हिशेब कोणी एका जागी मांडून देत नाही, म्हणून तो आकड्यांसह येथे लिहीत आहे.

घोडबंदर रस्त्यावर, गायमुखच्या घाटातून ठाण्याकडे उतरताना, मागचे दिवे बंद असलेला एक टेम्पो रात्री रस्त्यातच उभा होता. माझ्या पतींनी ब्रेक दाबून गाडी उजवीकडे काढण्याचा प्रयत्न केला, तरी गाडीचा पुढचा डावा कोपरा टेम्पोच्या मागच्या अँगलवर जाऊन आदळला. दोन्ही एअरबॅग उघडल्या. सीटबेल्टमुळे त्यांच्या खांद्यापासून छातीपर्यंत काळानिळा पट्टा उमटला, पण हाड मोडले नाही. टेम्पोत कोणी नव्हते. पोलिसांत नोंद झाली, फोटो काढले आणि गाडी क्रेनने ठाण्यातील एका अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. इंजिन चालू होईल असे तेथे जमलेल्या लोकांचे म्हणणे होते, परंतु पतींनी किल्लीला हात लावला नाही, आणि ते योग्यच झाले. अपघातानंतर दुरुस्तीआधीच गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान पॉलिसीत धरले जात नाही. क्रेनच्या खर्चापैकी मात्र खासगी मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच भरपाई मिळते, बाकीचा भार आपल्यावर येतो.

गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, १,२०० सीसीच्या आतली होती. कर्ज फिटलेले होते आणि आरसीवरचा बँकेचा बोजाही उतरवलेला होता. ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे, कारण बोजा असता तर टोटल लॉसच्या, म्हणजे गाडी पूर्ण गेली असे मानून मिळणाऱ्या, रकमेवर पहिला हक्क बँकेचा झाला असता आणि आमच्या हाती उरेल तेवढेच आले असते.

पुढच्या सगळ्या आकडेमोडीचे मूळ होते आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत ही किंमत ठरावीक दराने उतरते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, पुढे दर वर्षी २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा वजा होतो. पाच वर्षांनंतर असा तक्ता नसतो, मालक आणि कंपनी यांनी आपापसांत मान्य केलेली किंमत लिहिली जाते. नूतनीकरणाच्या वेळी संगणकाने आम्हाला ३,१०,००० रुपयांचा आकडा सुचवला होता. माझ्या पतींना असे आकडे बारकाईने पाहण्याची सवय आहे. त्याच बनावटीच्या, त्याच वर्षाच्या जुन्या गाड्यांचे ठाण्यातील भाव पाहून त्यांनी ३,८०,००० रुपयांची किंमत मागितली आणि प्रीमियममध्ये थोडीशी वाढ होऊन ती मिळाली. अपघातानंतरच्या प्रत्येक बैठकीत हा आकडा आमच्या बाजूने उभा राहिला.

वर्कशॉपचे पहिले एस्टिमेट करांसह २,७२,००० रुपयांचे होते. त्यात धातूचे भाग ९५,००० रुपयांचे, प्लास्टिक, रबर आणि एअरबॅग मिळून १,००,००० रुपयांचे, रंगकाम ३२,००० रुपयांचे, आणि मजुरी व तडा गेलेली पुढची काच मिळून ४५,००० रुपये होते. एवढ्या जुन्या गाडीला आमच्या कंपनीने झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, दिलेले नव्हते, त्यामुळे घसारा आम्हालाच सोसायचा होता. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडीचे वय काहीही असले तरी निम्मी रक्कम कापली जाते. धातूच्या भागांचा घसारा वयाप्रमाणे वाढतो, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी तो ४० टक्के आहे. काचेवर घसारा नाही. रंगकामाच्या बिलातील चौथा हिस्सा सामानाचा मानतात आणि त्याच्या निम्मे कापतात. असे सगळे धरून ५०,०००, ३८,००० आणि ४,००० रुपये, शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेले १,००० रुपयांचे सक्तीचे वजावट मूल्य (क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरावीक रक्कम), असे एकूण ९३,००० रुपये आमच्या वाट्याला येत होते. विमा कंपनीचा वाटा १,७९,००० रुपये होता.

नातेवाइकांचे सल्ले याच टप्प्यावर सुरू झाले. माझ्या दिरांचे म्हणणे होते की क्लेम करूच नये, गाडी आहे तशी दलालाला देऊन टाकावी आणि ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, नव्या गाडीसाठी राखावा. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि तो नव्या गाडीच्या विम्यावर नेता येतो, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु ती सवलत प्रीमियमच्या फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळते. ती वाचवण्यासाठी लाखांतला क्लेम सोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो विषय तिथेच संपला.

मोटारीचा क्लेम ५०,००० रुपयांच्या वर असला की परवानाधारक सर्व्हेअर नेमावा लागतो. आमच्याकडे आलेले गृहस्थ शांत आणि कामाला पक्के होते. मी त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळेच विचारतात, की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस होते ना? ३,८०,००० चे ७५ टक्के म्हणजे २,८५,००० होतात आणि एस्टिमेट त्याच्या अगदी जवळ होते. त्यांनी पॉलिसीतील वाक्य बोट ठेवून दाखवले. दुरुस्तीचा एकूण खर्च ‘पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून’ ७५ टक्क्यांहून जास्त झाला पाहिजे, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. त्यांच्या मते त्याचा अर्थ घसारा वजा केल्यानंतर कंपनीवर येणारी रक्कम असा होता. त्या मोजणीने आमचा क्लेम आयडीव्हीच्या ४७ टक्क्यांवर बसत होता, म्हणजे टोटल लॉसपासून बराच दूर. झिरो डेप नसलेल्या जुन्या गाडीला या वाचनाचा फटका सर्वांत जास्त बसतो. मालक स्वतःच्या खिशातून जेवढे अधिक भरणार, तेवढा कंपनीचा आकडा कमी दिसतो आणि गाडी दुरुस्तीच्याच रांगेत राहते.

त्यानंतर मी एक निर्णय घेतला, आणि अशा प्रसंगी तो प्रत्येकाने घ्यावा असे मला मनापासून वाटते. दुरुस्तीला संमती देण्याआधी गाडीचा पुढचा भाग पूर्ण उघडावा, अशी लेखी विनंती मी वर्कशॉपला केली, आणि ती उघडल्यावर पाहण्यासाठी रबाळे एमआयडीसीत पत्र्याचे काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींना सोबत नेले. आमच्या कुटुंबाच्या गाड्या ते पूर्वीपासून पाहत आले आहेत आणि या दुरुस्तीत त्यांचा काडीचा फायदा नव्हता.

त्यांनी गाडी ज्या प्रकारे पाहिली ते माझ्या कायम लक्षात राहील. बंपर, शो (पुढची जाळी) आणि रेडिएटर काढलेले होते. फुटलेल्या दिव्याकडे किंवा चेपलेल्या बॉनेटकडे त्यांनी पाहिलेही नाही. आधी डावीकडचा पुढचा दरवाजा हळूच उघडला आणि मिटला. तो खालच्या बाजूला किंचित घासत होता, तर वर पिलरपाशी फट रुंदावली होती. मग त्यांनी इंजिनशेजारच्या एप्रनच्या, म्हणजे चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या, सांध्यावरून बोट फिरवले. कारखान्यात लावलेले सीलंट दोन ठिकाणी केसाएवढे तडकले होते आणि त्याखालच्या स्पॉट वेल्डिंगच्या गोल ठशांपैकी एक ताणून लांबट झाला होता. शेवटी टेप काढून त्यांनी एका बाजूच्या शॉकअपच्या माथ्यापासून दुसऱ्या बाजूच्या पुढच्या बोल्टपर्यंत तिरके माप घेतले, मग उलट बाजूने तसेच घेतले. सरळ गाडीत ही दोन मापे सारखी यायला हवीत. येथे फरक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका होता. डावा लाँग मेंबर, म्हणजे इंजिनच्या बाजूने पुढे गेलेला चौकोनी पोलादी दांडा, घडी पडून आत वळला होता.

ते एवढेच म्हणाले, “ताई, गाडी चालेल. पण ही सरळ चालेल याची हमी मी देणार नाही. दांडा ओढून सरळ करतील, तो सरळ दिसेलही. पुढच्या वेळी तो कसा दुमडेल, ते मात्र कोणी सांगू शकणार नाही.”

हे साधे वाक्य त्या सर्व कागदांपेक्षा मोलाचे होते. तो दांडा मुळात दुमडण्यासाठीच बनवलेला असतो. धडकेचा जोर घडीत जिरवून माणसांपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम, आणि गायमुखच्या रात्री त्याने ते चोख केले होते. एकदा घडी पडलेले पोलाद ओढून सरळ केले तर पुढच्या धडकेत ते मूळ रचनेप्रमाणे वागेलच असे नाही. तो भाग कापून नवा बसवणे आणि बेंचवर, म्हणजे सांगाडा सरळ करण्याच्या चौकटीवर, चढवून मापे जुळवणे हाच योग्य मार्ग आहे, आणि तो महाग आहे.

मिस्त्रींनी दाखवलेल्या जागा मी सर्व्हेअरना कळवल्या. त्यांनी पुन्हा येऊन मापे घेतली आणि कोणतीही खळखळ न करता मान्य केली. वर्कशॉपने पुरवणी एस्टिमेट दिले. त्यात लाँग मेंबरचा भाग, एप्रन, क्रॉस मेंबर, सस्पेन्शनचा आर्म आणि स्टिअरिंगचे काही भाग मिळून ४८,००० रुपये आणि बेंचवरची मजुरी २०,००० रुपये होती. एकूण खर्च आता ३,४०,००० रुपये झाला, म्हणजे गाडीच्या मान्य किमतीच्या जवळजवळ ९० टक्के. त्यातला आमचा वाटा १,१२,२०० रुपये आणि कंपनीचा २,२७,८०० रुपये. घसारा वजा करून मोजणाऱ्या हिशेबात मात्र हा क्लेम अजूनही ६० टक्क्यांच्याच आसपास होता.

म्हणजे गाडीच्या किमतीइतकाच खर्च तिच्यावर होणार, त्यात एक लाख बारा हजारांच्या आसपास आम्ही घालणार, आणि तरीही कागदोपत्री ती दुरुस्तीयोग्यच ठरणार. मी सर्व्हेअरना विचारले की अशा गाडीसाठी दुसरी काही तरतूद आहे का. त्यांनी सांगितले की आहे. मालकाची संमती असेल तर कंपनी ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’, म्हणजे मोडक्या गाडीची किंमत वजा करून, या पद्धतीने क्लेम मिटवू शकते. या पद्धतीत गाडी आहे त्या स्थितीत बोलीवर ठेवतात. आयडीव्हीतून सर्वांत मोठी बोली आणि वजावट मूल्य वजा करून उरलेली रक्कम कंपनी देते, आणि बोलीची रक्कम मालक खरेदीदाराकडून थेट घेतो. दुरुस्तीपेक्षा हा मार्ग कंपनीला स्वस्त पडत असेल तर ती सहसा राजी होते. परंतु हा पर्याय आपण विचारल्याशिवाय पुढे येईलच असे नाही. आमच्या बाबतीत तो विचारल्यावरच आला.

बोली मागवल्या गेल्या आणि सर्वांत मोठी १,७२,००० रुपयांची आली. ३,८०,००० मधून ती आणि १,००० रुपये वजा जाऊन कंपनीवर २,०७,००० रुपये येत होते, दुरुस्तीपेक्षा सुमारे २१,००० रुपयांनी कमी. आमच्या हाती दोन्हींकडून मिळून ३,७९,००० रुपये येणार होते. उलट दुरुस्ती केली असती तर १,१२,२०० रुपये भरून जी गाडी मिळाली असती, तिची किंमत ठाण्यातील दोन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी पावणेतीन लाखांपर्यंतच सांगितली. एप्रन बदललेली आणि एअरबॅग उघडलेली गाडी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तशीच, पण अपघात न झालेली गाडी चार लाखांच्या आसपास मिळत होती. याचा अर्थ, हिला सोडून तसलीच दुसरी घ्यायची ठरवली तरी आमच्या खिशातून दुरुस्तीच्या वाट्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे जाणार होते. हा हिशेब मांडला आणि घरातील चर्चा थांबली. नूतनीकरणाच्या वेळी ३,१०,००० चा आकडा तसाच राहिला असता तर याच मार्गाने कंपनीकडून फक्त १,३७,००० रुपये मिळाले असते, आणि मग निर्णय इतका सोपा राहिला नसता.

पैशाचा प्रश्न सुटला, पण मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न पुढेच होता. भंगाराला कोणी १,७२,००० रुपये देत नाही. एवढी बोली येते ती आरसीसह येते, कारण खरेदीदार गाडी कुठेतरी स्वस्तात दुरुस्त करून पुन्हा विकणार असतो, किंवा त्याला गाडीपेक्षा तिच्या कागदांत रस असतो. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चॅसी नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार पोलिसांनी अनेक ठिकाणी उघड केले आहेत. आमच्या नावाची गाडी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या स्थितीत आणि कोणाच्या मुलाबाळांना घेऊन फिरणार, याची जबाबदारी पैसे हातात पडल्यावर संपते असे मला वाटत नाही.

कायद्यानेही ती संपत नाही. गाडी विकून टाकली, पण नोंदणीत नाव जुन्याच मालकाचे राहिले, तर तिच्या अपघातात भरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, आणि परराज्यात झाली तर ४५ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. गाडी पुन्हा वापरात येण्याच्या पलीकडे गेली असेल तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत तसे कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तशी गाडी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राला द्यावी आणि तेथून प्रमाणपत्र घ्यावे. आमची गाडी त्या टोकाची नव्हती. योग्य खर्च केला तर ती खरोखर दुरुस्त होऊ शकत होती, म्हणून नोंदणी रद्द करण्याऐवजी हस्तांतर पक्के करण्याचा आग्रह आम्ही धरला.

सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याचा माणूस आला तो मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे कोरे फॉर्म घेऊन. त्यावर फक्त सह्या करा, खरेदीदाराचे नाव आम्ही नंतर भरू, किल्ल्या आणि आरसी आजच द्या, पैसे लगेच पाठवतो, असे त्याचे म्हणणे होते. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे आपले नाव कोणाच्याही हाती देणे होय. आम्ही दोन अटी सांगितल्या. गाडी हलण्याआधी आरटीओच्या नोंदीत नाव बदललेले दिसले पाहिजे, आणि विक्रीच्या करारात लाँग मेंबर वळलेला असल्याचा व एअरबॅग उघडलेल्या असल्याचा स्पष्ट उल्लेख असून सोबत सर्व्हे रिपोर्टची प्रत जोडलेली असली पाहिजे. (ही प्रत मागितल्यास विमाधारकाला मिळते आणि ती जरूर मागावी.) त्याने वरिष्ठांना फोन केला आणि माघार घेतली.

दुसऱ्या क्रमांकाची बोली १,६१,००० रुपयांची, नवी मुंबईतील एका गॅरेजमालकाची होती. त्याने दोन्ही अटी मान्य केल्या. गाडी तो स्वतःच्या पुतण्यासाठी दुरुस्त करणार होता आणि सर्व्हे रिपोर्ट त्याला हवाच होता, कारण कुठे किती काम आहे हे त्यातून समजत होते. विमा कंपनीने मात्र आपली वजावट १,७२,००० रुपयांवरच ठेवली, त्यामुळे मधल्या ११,००० रुपयांचा भार आम्ही घेतला. दिरांना ते पटले नाही. मला आणि माझ्या पतींना पटले, आणि आजही तसा प्रसंग आला तर आम्ही तेच करू.

बाकीची कामे किरकोळ, पण क्रम पाळावा लागणारी होती. गाडीवरची जुनी ई-चलाने भरल्याशिवाय हस्तांतराचा अर्ज पुढे सरकत नव्हता. खरेदीदाराने स्वतःच्या नावे तृतीय पक्ष विमा काढला, पीयूसीची मुदत शिल्लक होती. वर्कशॉपने गाडी उघडण्याचे शुल्क आणि जागेचे दिवसाचे भाडे लावले. दुरुस्ती तेथे होणार नसेल तर हे भाडे सुरू होते, म्हणून निर्णय लांबवू नये. आमच्या विनंतीवरून त्यांनी काही रक्कम कमी केली. कंपनीची रक्कम खात्यात जमा झाली, त्यानंतर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर एमएच ०४ च्या आमच्या जुन्या क्रमांकापुढे नव्या मालकाच्या नावाची अद्याक्षरे दिसू लागली, आणि त्याच दुपारी गॅरेजमालकाने गाडी क्रेनवर चढवून ऐरोलीमार्गे नेली. आम्ही फास्टॅग बंद केला आणि हस्तांतराच्या नोंदीची प्रत सर्व्हे रिपोर्टसोबत फाइलला लावली.